थुंकी तपासलीच नाही, रिपोर्ट मात्र आला

शिरोली एमआयडीसीतल्या फाउंड्रीत उभी हयात काढलेले आमचे काका पावसाळ्यापासून खोकत होते. सिलिकाच्या धुळीत राबलेल्या माणसाला टीबीचा धोका जास्त, म्हणून डॉक्टरांनी थुंकीचे दोन नमुने तपासायला सांगितले: एक लगेच, दुसरा सकाळी उठल्या उठल्या. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात हे फुकट होतं. पण काकांना रांगेत उभं राहवेना, म्हणून चुलतभावानं एका कलेक्शन सेंटरच्या पोराला घरी बोलावलं.

"काय लोड घेऊ नका, संध्याकाळी मोबाईलवर टाकतो," म्हणाला. एक डबी नेली, रक्तही काढलं. स्टेन, कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून बघणं) आणि "टीबीची पक्की रक्ततपासणी" मिळून साडेचार हजार घेतले. पावती रिपोर्टबरोबर देणार होता.

संध्याकाळी खरंच पीडीएफ आली. दोन्ही नमुन्यांत जंतू नाहीत, कल्चरमध्ये वाढ नाही, रक्त निगेटिव्ह. काकूंनी देवाला साखर ठेवली. आणि सकाळच्या नमुन्याची डबी अजून आमच्या फडताळात कोरीच होती!

डॉक्टरांनी तो रिपोर्ट वाचून कपाळाला हात लावला. टीबीचे जंतू इतके सावकाश वाढतात की कल्चरमध्ये "वाढ नाही" म्हणायला सहा आठवडे थांबावं लागतं. रक्तातल्या अँटिबॉडी बघून टीबी ठरवणाऱ्या तपासण्यांवर तर सरकारनं २०१२ सालीच बंदी घातली आहे.

स्टेन म्हणजे काय असतं, हे सीपीआरच्या लॅबमधल्या ताईंनी समजावलं. बेडक्याचा घट्ट, पिवळट भाग काचपट्टीवर पसरायचा, वाळवायचा. त्यावर कार्बोल फुक्सिनचा लाल रंग ओतून खालून ताव द्यायचा. वाफ निघाली पाहिजे, पण उकळता कामा नये. मग आम्लानं धुवायचं. बाकी सगळ्याचा रंग उतरतो. टीबीच्या जंतूचं आवरण मेणचट, त्यात मुरलेला लाल रंग सुटत नाही. शेवटी मिथिलीन ब्लू. निळ्यावर लाल काड्या दिसल्या की पॉझिटिव्ह. दिसल्या नाहीत तर निदान शंभर फील्ड, म्हणजे सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणारे पट्टीचे तुकडे, बघितल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही. शिवाय एका मिलिलिटरला हजारो जंतू असल्याशिवाय ते सूक्ष्मदर्शकात सापडत नाहीत, म्हणून प्रामाणिक निगेटिव्हनंतरही डॉक्टर सीबीनॅट, म्हणजे जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी, करायला सांगतात.

या लबाडीचं गणित मला तिथं उमगलं. तपासायला येणाऱ्यांपैकी बहुतेकांना टीबी नसतोच. डोळे फोडत बसण्यापेक्षा सगळ्यांना निगेटिव्ह छापलं तर क्वचितच पकडले जाणार.

सीपीआरच्या तपासणीत काका टू प्लस निघाले, म्हणजे थुंकीत बरेच जंतू. गोळ्या सुरू झाल्या, त्याही फुकट. मधले दिवस ते नातवंडांना मांडीवर घेऊन बसत होते, याचा राग अजून जात नाही. आता पोरांचीही तपासणी चालू आहे.

सेंटरवर गेलो तर "टायपिंग मिस्टेक". स्लाइड दाखव म्हटलं, तर "फेकली". रिपोर्टवर शिक्का होता, पण डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नव्हता. लॅबच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये स्पष्ट केलंय.

पैसे अजून परत मिळालेले नाहीत. घरी असा रिपोर्ट आला असेल तर आधी तारखा जुळवा, नमुना बेडका होता की नुसती लाळ हे लिहिलंय का बघा, आणि पैसे द्यायच्या आधी पावती घ्या. सीपीआर दसरा चौकाजवळच आहे.