टाकीतला यूव्ही दिवा: हिरवं पाणी गेलं, काचेवरचं शेवाळ तिथेच

माशांच्या टाकीसाठी यूव्ही क्लॅरिफायर (अतिनील प्रकाशाने हिरवं पाणी नितळ करणारं यंत्र) घ्यावा का, हे तुमचं शेवाळ कुठे आहे त्यावर ठरतं. पाण्यातच असेल, टाकीची मागची काच दिसेनाशी झाली असेल, तर डोळे झाकून घ्या. काचेवर, दगडांवर, पानांच्या कडांना असेल तर पैसे वाचवा. गेले काही महिने मी ९ वॉटचा, टाकीच्या आत बसणारा यूव्ही वापरतोय. टाकी साधारण १०० लिटरची, गोड्या पाण्याची. गप्पी, टेट्रा हे छोटे मासे, थोडी झाडं आणि वर एलईडी दिवा.

यंत्र साधं आहे. छोटा पंप पाणी ओढतो आणि दिव्यावरच्या काचेच्या नळीला घासून पुढे सोडतो. दिव्याचा यूव्ही-सी प्रकाश २५४ नॅनोमीटरच्या आसपासचा असतो. त्यातून गेलेल्या शेवाळाच्या पेशींचा डीएनए बिघडतो आणि त्यांची वाढ खुंटते. हिरव्या पाण्यावर दुसरे उपाय फसतात, कारण या पेशी फिल्टरच्या स्पंजमधून आरामात निसटतात. अर्धं पाणी बदला, उरलेल्या पेशी चार दिवसांत पुन्हा तेवढ्याच होतात.

सुरुवातीला काहीच फरक जाणवला नाही. मग हिरवा रंग फिका पडून पाणी राखाडी, धुरकट झालं आणि आठवड्याच्या आत मागच्या काचेवरचा डाग न् डाग दिसायला लागला. इथपर्यंत पैकीच्या पैकी मार्क.

पण पाणी नितळ झालं म्हणजे चांगलं झालं असं नाही, आणि खोक्यावर हे कुणी लिहीत नाही. मेलेलं शेवाळ जातं कुठे? फिल्टरमध्ये. स्पंज पिळला तर गडद हिरवा गाळ निघत होता. तो तसाच कुजू दिला तर अमोनिया वाढणार. त्यामुळे त्या काळात स्पंज वरचेवर धुवावा लागतो, तोही टाकीतून काढलेल्या पाण्यात. नळाच्या क्लोरीनने स्पंजवरचे उपयोगी जिवाणू (विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे) मरतात. यूव्हीनेही ते मरतात अशी भीती बरेच जण घालतात, पण ते स्पंजला आणि वाळूला चिकटून असतात, दिव्यापर्यंत पोचतच नाहीत. माझ्याकडे अमोनिया आणि नायट्राइट शून्यावरच राहिले.

नायट्रेट मात्र चढला. तरंगणारं शेवाळ तो खात होतं, ते गेलं आणि खाणारा कमी झाला. त्याचा फायदा घेतला काचेवरच्या शेवाळाने. टाचणीच्या डोक्याएवढे कडक हिरवे ठिपके, स्पंजने घासून न निघणारे, जुन्या प्लास्टिक कार्डाच्या कडेने खरवडावे लागतात. यूव्ही त्यांचं काहीही करत नाही. फिल्टरच्या तोंडाशी आलेले काळे, दाढीसारखे झुपकेही तसेच राहिले. ते गेले पंप थोडा वेळ बंद ठेवून सिरिंजने ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड थेट त्यावर, अगदी थोडं, सोडल्यावर. काही दिवसांत ते गुलाबी पडले. तांबं असलेली शेवाळनाशक औषधं मी आणत नाही. त्यांनी शेवाळाआधी गोगलगायी आणि कोळंब्या जायच्या.

बाकी काम जुन्याच गोष्टींनी केलं. टाकीवरच्या एलईडीला टायमर लावून उजेड दिवसाला १० तासांवरून ७ वर आणला, माशांचं खाणं कमी केलं, दर आठवड्याला ३० टक्के पाणी बदलतो आणि नेराइट गोगलगायी सोडल्या. त्या काच चाटून साफ करतात, फक्त जागोजागी पांढरी अंडी चिकटवून ठेवतात. गोड्या पाण्यात ती वाढत नाहीत, त्यामुळे गोगलगायींचा सुळसुळाट होत नाही. आता नायट्रेट २० पीपीएमच्या (दहा लाखात २० भाग) खाली असतो.

यंत्राच्या तक्रारी. पाणी जड, म्हणजे क्षारांचं असेल तर काचेच्या नळीवर पांढरा थर बसतो आणि प्रकाश अडतो. नळी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली की थर निघतो, पण माझ्या मॉडेलचं झाकण उघडताना जीव मेटाकुटीला येतो. पंपाची गती कमी करायची सोय नाही. पाणी जितकं सावकाश जाईल तितका परिणाम जास्त, त्यामुळे ही उणीव मला खटकते. औषध घातलं असेल तेव्हा यूव्ही बंद ठेवावा लागतो, झाडांच्या लोहाच्या खतावरही त्याचा परिणाम होतो. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढाच. आणि उघड्या दिव्याकडे चुकूनही बघू नका, डोळ्यांना इजा होते.

दिवा निळा दिसतोय म्हणजे काम करतोय असंही नाही. साधारण ८००० तासांनंतर त्याचा जोर ओसरतो, सतत चालू ठेवला तर जेमतेम ११ महिने. पाणी स्वच्छ झाल्यापासून मी तो दिवसातून काही तासच लावतो. घेताना बल्ब आणि काचेची नळी सुटी मिळते का एवढं विचारून घ्या. माझ्या मॉडेलचा बल्ब मिळतो, नळी मिळत नाही, म्हणून ती पुसताना हात जरा जपूनच चालतो.