इन्सुलिन की लेप्टिन: स्मृतिभ्रंशात कोणाचा हात मोठा?

रावेरच्या आमच्या आबांचा मधुमेह वीस वर्षांचा. केळीला पाणी द्यायच्या पाळ्या त्यांना तोंडपाठ असायच्या; आता जेवून उठले की तासाभरात पुन्हा ताट मागतात. म्हणून हा प्रश्न माझ्या घरचा आहे.

इन्सुलिनची बाजू जड वाटते. १९२१ मध्ये सापडलेला हा साखरेचा कारभारी मेंदूतही राबतो. टाइप २ मधुमेहात पेशी त्याला दाद देत नाहीत, मग रक्तातलं इन्सुलिन वाढतं. इन्सुलिन मोडणारं एक विकर (एन्झाइम) अल्झायमरमध्ये, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या एका आजारात, मेंदूत साचणारं अमायलॉइड-बीटा हे प्रथिनही मोडतं. ते इन्सुलिनमागेच गुंतलं, तर अमायलॉइड साचत जात असावं. तरी नाकावाटे इन्सुलिन देण्याच्या चाचणीत, २०२० मध्ये निकाल आला तेव्हा, स्मृतीला फायदा दिसला नाही.

लेप्टिन चरबीतून येतं, पोट भरल्याचा निरोप मेंदूला देतं. त्याचा शोध १९९४ चा. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात जास्त लेप्टिन असलेल्या वृद्धांत अल्झायमर कमी आढळला, पण लठ्ठ माणसांत तसं दिसलं नाही. हा नुसता संबंध, कारण नव्हे.

माझा कौल इन्सुलिनला. साखर तालुक्यालाही तपासता येते, आवरताही येते. आबांच्या ताटात कळण्याची भाकरी नि भरीत आहेच. सकाळी बागेपर्यंत त्यांना मीच चालवत नेतो.