सिव्ह सिक्स: आठ महिने कॉम्प्युटरशी लढल्यावर

दिवाळीच्या सेलमध्ये सिव्हिलायझेशन सिक्स घेतला, म्हणजे आळीपाळीने चाली खेळत शहरं वसवायचा नि लढायचा कॉम्प्युटर गेम, राइज अँड फॉल ह्या त्याच्या वाढीव भागासकट. २०१६चा गेम म्हणजे जुनाच, पण माझा लॅपटॉप पण त्याच काळातला त्यामुळे जोडी जमली. आठ महिने झाले, हिंजवडीहून येऊन जेवण झालं की 'दहाच टर्न' (चाली) म्हणत बसतो आणि उठतो ते सकाळी पाणी यायच्या वेळेला.

पहिले दोन महिने नुसता मार खाल्ला. एम्परर ह्या अवघड लेव्हलला कॉम्प्युटरला प्रत्येक मारामारीत २ पॉइंट आयते मिळतात, डीटी ह्या सगळ्यात अवघड लेव्हलला ४, वर डीटीला सुरुवातीलाच त्याचे तीन सेटलर (शहर वसवणारे) नि आपला एक. आणि मी पाच वॉरियर घेऊन तटावर डोकं आपटायचो, तटाला ओरखडा नाही, वॉरियर खलास.

मग कळलं की कॉम्प्युटरला सैन्य जमवता येतं, चालवता येत नाही. त्यामुळे आता मी आधी त्याच्या दारात जातच नाही, नदीच्या अलीकडे टेकडीवर चार आर्चर, पुढे दोन वॉरियर फॉर्टिफाय करून (जागेवर बचावाला रोवून) बसवतो आणि येऊ देतो. परवा शेजाऱ्याचे सात वॉरियर एकेक करून नदीत उतरले, माझे आर्चर नकाशावरची दोन घरं लांबून मारतायत, आठव्या टर्नला नदीकाठ साफ, माझं एक माणूस गेलं नाही. त्यानंतर त्याच्या शहरात शिरणं म्हणजे लग्न उरकलेल्या मांडवात शिरणं!

तटाला मात्र बॅटरिंग रॅम, म्हणजे तट फोडायचा ओंडका, पाहिजेच, तो शहराला चिकटवून ठेवला की वॉरियरचे घाव तटाला पूर्ण लागतात. चारी बाजूंनी वेढा पडला की शहराची तब्येत भरून येत नाही. आणि बाजूला त्याची छावणी असेल तर आधी ती घ्या, तिथूनही बाण येतात. पुरंदरला ट्रेकला गेलोय तेव्हा त्याचा जोडकिल्ला वज्रगड समोर बघितलाय, १६६५ला मिर्झाराजाने आधी तोच घेतला नि मग पुरंदरवर तोफा लावल्या, तेच गणित.

तुकडीला प्रमोशन मिळालं की लगेच घेऊ नका, जखमी झाल्यावर घ्या, ५० हेल्थ फुकट. शत्रूचं शेत लुटलं तरी ५०. युद्धाच्या आदल्या टर्नला त्यालाच लक्झरी (चैनीचा माल) विकून रोख सोनं घ्यायचं, युद्ध पुकारलं की डील रद्द, सोनं आपल्याकडेच. बेइमानी आहे, पण त्याला आयते पॉइंट मिळतात तेव्हा कोण विचारतं.

वैताग एकच, लॉयल्टी, म्हणजे शहराची निष्ठा. जीव काढून घेतलेलं शहर आजूबाजूला त्याचीच शहरं असली की दहा-बारा टर्नमध्ये बंड करून हातचं जातं, म्हणून आत आपला गव्हर्नर (सुभेदार) बसवायचा नि लगेच पुढचं घ्यायचं, थांबलात की गेलं. शेवटी शेवटी एकेक टर्नला इतका वेळ लागतो की मी चहा टाकून येतो.

सध्या भारताचा चंद्रगुप्त घेऊन त्याच्या 'वारू' नावाच्या लढाऊ हत्तींवर डीटी चालू आहे. तिसऱ्यांदा हरतोय.