फ्रायबुर्गचं वोबाँ: पार्किंगचा खर्च घरापासून वेगळा काढणारं उपनगर

जर्मनीत शिकायला निघालेल्या बेळगावच्या मुलांनी फ्रायबुर्ग निवडलं, की राहायच्या जागांमध्ये वोबाँ हे नाव येतंच. या उपनगराबद्दल जे काही वाचायला मिळतं त्यात हिरवळ आणि सोलर पॅनेलचे फोटो भरपूर असतात. पण वोबाँ चाललंय ते गाडीच्या जागेचे पैसे घराच्या पैशांत मिसळू न दिल्यामुळे. राहायला जाणाऱ्याने आणि इथे लेआउट पाडणाऱ्यानेही आधी तेवढंच नीट समजून घ्यावं.

जागा शहराच्या दक्षिणेला, मध्यवस्तीपासून साधारण ३ किलोमीटरवर. जमीन शंभर एकरांच्या आतबाहेर, वस्ती साडेपाच हजारांच्या आसपास. १९३६ ते १९३८ मध्ये जर्मन सैन्याने इथे बराकी बांधल्या. महायुद्धानंतर त्या फ्रेंच फौजेच्या ताब्यात गेल्या आणि छावणीला मार्शल वोबाँचं नाव मिळालं. १७व्या शतकात फ्रायबुर्गची तटबंदी उभारणारा किल्लेबांधणीतला हा फ्रेंच तज्ज्ञ. १९९२ साली फौज परत गेली आणि १९९४ मध्ये शहराने जमीन विकत घेतली. त्याच वर्षी झालेली नगररचनेची स्पर्धा श्टुटगार्टच्या कोलहोफ अँड कोलहोफ यांनी जिंकली, आणि नागरिकांचं ‘फोरम वोबाँ’ही तेव्हाच उभं राहिलं. या फोरमला पुढे अधिकृत दर्जा मिळाला, म्हणून हरकती-सूचनांचा कागद फायलीला लावून विषय मिटला असं झालं नाही. पार्किंगची योजना आज आहे तशी झाली ती या लोकांच्या रेट्यामुळे.

बेळगावचा आपला कॅम्प, म्हणजे लष्करी छावणीचा भाग, पायी फिरलेल्याला इथली मांडणी लगेच उमगेल: लांबट बराकी, मधे मोकळी मैदानं, लष्कराच्या काळातले मोठे वृक्ष. बऱ्याच बराकी पाडल्या, पण झाडं शक्य तितकी ठेवली आणि प्लॉट त्यांच्या बेताने आखले. उरलेल्या बराकींपैकी चार ‘सूझी’ या स्वयंसंघटित गटाकडे गेल्या, सहा विद्यार्थी वसतिगृहासाठी दिल्या. एक बराक लोकांनी भांडून वाचवली, तीच ‘हाउस ०३७’. आज ते वस्तीचं समाजमंदिर आहे आणि त्याच्यासमोर आल्फ्रेड ड्योब्लिन चौक आहे.

नव्या वस्तीचा कणा एकच, वोबाँ-अले हा मुख्य रस्ता. त्याच्या कडेने गवतात बसवलेल्या रुळांवरून ३ नंबरची ट्राम जाते. मुख्य रस्त्याला ताशी ३० किलोमीटरची मर्यादा. तिथून आत शिरणाऱ्या गल्ल्या इंग्रजी ‘यू’च्या आकाराच्या, म्हणजे आत गेलेली गाडी फिरून पुन्हा मुख्य रस्त्यालाच लागते. पलीकडे निघायला वाट नसल्यामुळे शॉर्टकट म्हणून कुणी गल्लीत घुसत नाही. आत गाडी माणसाच्या चालीने न्यायची, सामान उतरवायचं आणि बाहेर पडायचं. घरासमोर गाडी लावायला जागा नाही. तिथे सायकली असतात, खडूने आखलेले खेळ असतात आणि मुलं असतात.

आता पार्किंग. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याच्या बांधकाम कायद्यात दर घरामागे एक पार्किंग सक्तीचं होतं. वोबाँने ती अट मोडली नाही, तिची जागा बदलली. गाडी असेल तर वस्तीच्या कडेच्या बहुमजली गॅरेजमध्ये जागा विकत घ्यायची. तिची किंमत १८,००० युरोच्या घरात सांगितली जात असे, देखभालीचा खर्च वर. गाडी नसेल तर ‘गाडी नाही’ असं लेखी द्यायचं आणि गाडीविरहित घरांसाठीच्या संस्थेत सुमारे ३,७०० युरो एकदाच भरायचे. त्या पैशांतून संस्थेने रिकामी जमीन राखली आहे. उद्या सगळ्यांनी गाड्या घेतल्याच तर तिथे गॅरेज बांधता येईल. तोवर ती मोकळीच राहते. कायद्याच्या दृष्टीने पार्किंग ‘उपलब्ध’ आहे, प्रत्यक्षात ते बांधावं लागलेलं नाही. शहरी नियोजनातली इतकी नेटकी तोड क्वचित सापडते.

याचा परिणाम आकड्यांत दिसतो. इथे दर हजार माणसांमागे दोनशेहूनही कमी गाड्या आहेत. आपल्याकडे ३० बाय ४० फुटांच्या साईटवर घर बांधणारा पार्किंगचा खर्च घरातच धरतो. ज्याच्याकडे फक्त स्कूटर आहे तोही तो भरतो, आणि चारचाकी शेवटी रस्त्यावरच उभी राहते.

पळवाटही निघाली आहे. काही जण गाडी नातेवाइकाच्या नावावर ठेवतात आणि शेजारच्या वस्तीतल्या रस्त्यावर लावतात. त्रास त्या शेजाऱ्यांना होतो. नियम आपल्या कुंपणाशी संपतो तिथे असं होणारच. अशी योजना करायची तर आजूबाजूच्या रस्त्यांवरही परवाना-पार्किंग हवं.

ट्रामचा क्रमही बघण्यासारखा आहे. माणसं राहायला आली तेव्हा ट्राम नव्हती, ती २००६ मध्ये सुरू झाली. पण तिचा पट्टा नकाशात पहिल्यापासून राखलेला होता, म्हणून एकही घर हलवावं लागलं नाही. आपल्याकडे आधी साईट विकल्या जातात आणि मग बससाठी वळायला जागा शोधतात.

पाण्याची व्यवस्था बेळगावकरांनी आवर्जून बघावी. छतांवरचं आणि रस्त्यांवरचं पाणी सरळ गटारात न सोडता उथळ गवती चरांत घेतात. त्याखाली खडीचा थर असतो आणि पाणी सावकाश जमिनीत मुरतं. घरांच्या रांगांमध्ये सोडलेले हिरवे पट्टेही याच कामी येतात, शिवाय डोंगराकडची गार हवा वस्तीत येते. जुलैत बळ्ळारी नाला शेतांत पसरतो त्यामागे वरच्या अंगाची फरशीबंद अंगणंही आहेत. मात्र आपला पाऊस कितीतरी जास्त आहे, त्यामुळे चरांची मापं तिथली उचलून चालणार नाहीत.

घरं बहुतेक चार मजल्यांपर्यंतची. बरीचशी ‘बाउग्रुपे’ पद्धतीने झाली: काही कुटुंबं एकत्र येतात, प्लॉट घेतात, आर्किटेक्ट नेमतात आणि बिल्डरशिवाय बांधतात. त्याचा नफा वाचतो, पण बैठका वाढतात. एखादं कुटुंब मधेच बाहेर पडलं तर त्याचा वाटा उरलेल्यांवर येतो. गरम करण्यासाठी वर्षाला दर चौरस मीटरमागे ६५ युनिटची (किलोवॉट-तासांची) कमाल मर्यादा सगळ्यांना होती. ‘पॅसिव्ह हाउस’, म्हणजे उष्णता बाहेर जाऊ न देणारं हवाबंद घर, १५ युनिटमध्ये भागवतं. उष्णता वस्तीच्याच केंद्रातून नळांनी येते आणि तिथे मुख्यतः लाकडाच्या ढलप्या जळतात.

विद्यार्थ्यांसाठी जागा चांगली आहे. वसतिगृहात सहाशेच्या आसपास जणांची सोय आहे, स्वयंपाकघर सामायिक. प्रवेशाचं पत्र हाती पडताच विद्यार्थी सेवा संस्थेकडे अर्ज करा, कारण फ्रायबुर्गमध्ये खोल्यांची कायम टंचाई असते. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं, ते चावीबरोबरच मागून घ्या. थंडीत खिडकी दिवसभर किलकिली ठेवली तर भिंत गार पडून बुरशी धरते. दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं ती सताड उघडायची आणि बंद करायची. नव्या हवाबंद घरांत चुलीवरचा पंखा बऱ्याचदा हवा बाहेर न टाकता कोळशाच्या फिल्टरमधून आतच फिरवतो, त्यामुळे मिरची-लसणाच्या फोडणीचा वास रेंगाळतो. फिल्टर वेळेवर बदला.

कुटुंबासाठी शाळा, दुकानं आणि खेळायला जागा हाताशी आहेत. अडचण किमतीची. मागणी इतकी आहे की साधं फ्लॅटही महाग पडतं आणि वस्ती बरीचशी शिकल्या-सवरलेल्या, बऱ्या पगाराच्या लोकांची झाली आहे. सुरुवातीला जी मोकळी, सगळ्यांची वस्ती मनात होती, तिची ही उणीव खटकते. २०११ मध्ये प्रवेशाजवळच्या गाड्यांत राहणाऱ्यांना हटवलं गेलं आणि त्या जागेवर हॉटेल झालं, तेव्हा हा वाद उघडच झाला.

नुसतं बघायचं असेल तर अर्धा दिवस पुरे. मुख्य रेल्वे स्थानकात फलाटांवरून जाणाऱ्या पुलावर ट्रामचा थांबा आहे, तिथून ‘वोबाँ’ पाटीची ३ नंबर घ्या. पाउला मोडरसोन चौकात उतरलात की आर्किटेक्ट रोल्फ डिश यांची ५९ घरांची सौर वसाहत जवळच, तिची छपरं दक्षिणेला उतरती आहेत. सूर्याबरोबर फिरणारं त्यांचं १९९४ चं हेलियोट्रोप टेकडीवर आहे, पण ते राहतं घर, बाहेरूनच बघायचं. तिथून परत येऊन वोबाँ-अलेच्या शेवटापर्यंत चालत जा आणि वाटेत एक तरी गल्ली आत जाऊन बघा. बुधवारी दुपारी ड्योब्लिन चौकात शेतकऱ्यांचा बाजार असतो, जमलं तर तोच दिवस धरा.