कॉलेजच्या पर्यावरण गटासाठी पाणी तपासणी किट: घ्यावी, पण डोळे उघडे ठेवून

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातल्या विहिरी तपासायला एनएसएसच्या गटाला ही पेटी पुरते. खरी कामाची चाचणी नायट्रेटची: केळीला युरिया भरपूर पडतो, त्याचं नायट्रेट होऊन विहिरीत झिरपतं, आणि पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. पाण्याचा रंग पेटीतल्या रंगपट्टीशी सावलीत, पांढऱ्या कागदावर जुळवायचा. दोघांनी वेगवेगळा वाचायचा, गटप्रमुखाने दोन्ही आकडे वहीत लिहायचे. एकाने मोठ्याने सांगितला की दुसऱ्यालाही तोच दिसतो.

पाण्याच्या कठीणपणाच्या (क्षारांच्या) चाचणीत पोरं घाई करतात. लालसर रंग पूर्ण निळा होईपर्यंत द्रावणाचा एकेक थेंब टाकायचा, दर थेंबाला बाटली हलवून. जिवाणूंची बाटली खुणेपर्यंत भरून 30 ते 37 अंशांत 24 ते 48 तास ठेवावी. काळी पडली तर पाणी संशयास्पद. जळगावच्या मे महिन्यात खोलीच चाळिशी ओलांडते, तेव्हा ओल्या गोणपाटाचा आडोसा लागतो. पेटी गाडीच्या डिकीत तर विसरूच नका, रसायनं वाया जातात.

छापील रंगपट्टी मात्र अगदीच सुमार, आणि माहितीपत्रक फक्त इंग्रजीत. फ्लोराईडचा निकाल अंदाजापुरताच धरा. ग्रामपंचायतीत आकडे मांडण्याआधी तोच नमुना प्रयोगशाळेत द्या.