होंडा ईयू ३० आयएस: चालून नव्हे, पडून राहून बिघडणारा जनरेटर

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-अलिबागच्या किनाऱ्यावर आदळलं आणि रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत पुढे बरेच दिवस, काही ठिकाणी तर आठवडे, वीज नव्हती. वर्षभरात तौक्ते आलं. अशा वेळी बॅटरीवरचा इन्व्हर्टर दुसऱ्या दिवशीच मान टाकतो, आणि मग पेट्रोल जनरेटरची आठवण होते. होंडाचा ईयू ३० आयएस हा त्यातला वरच्या दर्जाचा. किंमत साध्या उघड्या सांगाड्याच्या जनरेटरच्या दुपटी-तिपटीच्या घरात जाते. ती कशाची, आणि ती वसूल व्हायला घरच्यांनी काय करायला हवं, ते इथे.

इंजिन १९६ सीसीचं, सतत देता येणारी वीज २.८ केव्हीए, कमाल ३. टाकी १३ लिटरची. वजन साठ किलोच्या आसपास, म्हणजे एकट्याने उचलायच्या फंदात पडू नये. आधी तयार झालेल्या विजेचं डीसी आणि मग पुन्हा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची स्वच्छ एसी, असा दुहेरी प्रवास असल्याने इंजिनाच्या वेगाचा फ्रिक्वेन्सीशी संबंध उरत नाही. साध्या जनरेटरवर फ्रिज चालू झाला की ट्यूब मिचमिचते आणि घरातला इन्व्हर्टर ती वीज घ्यायलाच नकार देतो. इथे तसं होत नाही. इको स्विच चालू असेल तर कमी लोडवर इंजिन आपोआप मंद होतं. सात मीटरवर पूर्ण लोडचा आवाज ५८ डेसिबलच्या आसपास. शेजारी भांडायला येणार नाहीत.

काय चालेल? फ्रिज, पंखे, दिवे, टीव्ही, राउटर, घरचा इन्व्हर्टर आणि एक टनाचा इन्व्हर्टर एसी, इतकं आरामात. अर्ध्या एचपीचा पंपही. एक एचपीच्या पंपाला मात्र जपून. चालताना तो सहा-सात अँपियरच घेतो, पण सुरू होताना त्याच्या चार-पाच पट ओढतो, आणि या यंत्राची कमाल मर्यादा तेरा अँपियर. ती ओलांडली की ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो, हिरवा विझतो, इंजिन चालू राहतं पण वीज बंद. लोड काढून नुसतं थांबून उपयोग नाही, इंजिन बंद करून पुन्हा चालू करावं लागतं. मोटर लावायचीच असेल तर इको बंद ठेवा, आधी मोटर चालू करा आणि बाकी लोड मागून जोडा.

पेट्रोलचा हिशेब आधीच करून ठेवा. पूर्ण लोडवर टाकी सुमारे सात तास पुरते, पाव लोडवर, म्हणजे ७०० वॉटवर, सुमारे वीस तास. पेट्रोल लिटरला १०५ रुपये धरलं तर पूर्ण लोडवर युनिट साधारण ६९ रुपयांना पडतं, पाव लोडवर ९७ ला. तासाचा खर्च कमी हवा तर पाव लोड बरा, युनिट स्वस्त हवं तर कामं एकत्र करा: पाणी तापवणं, इन्व्हर्टरची बॅटरी भरणं, फ्रिज थंड करून घेणं, सगळं दोन-तीन तासांत उरका आणि बंद करा. दुसरी पद्धत जास्त शहाणपणाची.

आता खरी गोष्ट, पेट्रोलची आणि कार्बोरेटरची, म्हणजे पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाची. या यंत्रातला बिघाड शोधायला लागलात तर निम्म्याहून अधिक वेळा बोट कार्बोरेटरच्या जेटवर, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकावर, येऊन थांबेल. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत, म्हणजे बाऊलमध्ये, दोन चमचे पेट्रोल राहतं, ते महिना-दोन महिन्यांत उडतं आणि मागे चिकट, पिवळसर थर सोडतं. सुईच्या अग्राएवढं भोक बुजायला तेवढं पुरतं. लक्षण ठरलेलं: चोक ओढल्यावर सुरू होतो, चोक आत ढकलला की बंद पडतो, किंवा लोड नसताना आवाज वर-खाली होत राहतो. मेकॅनिक त्याला हंटिंग म्हणतात. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि कोकणातल्या जुलैत हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलसकट तळाशी वेगळं बसतं, आणि बाऊलला आधी मिळतं ते तळाचंच. तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत किती टक्के इथेनॉल चालतं ते वाचा. जुन्या यंत्रांत ही मर्यादा कमी असते.

म्हणून महिन्याहून जास्त पडून राहणार असेल तर: पेट्रोलचा कॉक बंद करा, इंजिन स्वतःहून बंद पडेपर्यंत चालू द्या, थंड होऊ द्या, मग बाऊलखालचा ड्रेन स्क्रू सैल करून उरलेलं पेट्रोल काचेच्या बरणीत घ्या. ही शेवटची पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात, कारण इंजिन बंद पडतं तेव्हाही बाऊलच्या तळाशी थोडं उरलेलंच असतं. बरणीतल्या पेट्रोलकडे नीट बघा. तळाशी पाण्याचा वेगळा थेंब किंवा पांढरट भुकटी दिसली तर टाकीही रिकामी करायची वेळ आली. टाकीतलं पेट्रोल दर दोन महिन्यांनी काढून गाडीत घाला आणि नवं भरा. घरात साठवायचं तर धातूच्या डब्यात. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत अजिबात नको.

तेल फक्त ०.५५ लिटर लागतं, १०डब्ल्यू-३० चं. नवं यंत्र तेलाविना येतं, हे विसरून दोरी ओढणारे आहेत. पहिल्या २० तासांनी एकदा बदलायचं, मग दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी, जे आधी येईल ते. शांतीच्या काळात १०० तास वर्षातही भरत नाहीत. पण वादळानंतर रोज वीस तास चालवलात तर पाचव्या दिवशीच तेल बदलायचं आहे, आणि तेव्हा दुकानं बंद असतील. म्हणून एक-एक लिटरच्या दोन बाटल्या, एक स्पार्क प्लग (एनजीके बीपीआर५ईएस, फट ०.७ ते ०.८ मिमी) आणि तासांची नोंद करायची वही घरात हवीच. तेल कमी झालं की यंत्र आपोआप बंद पडतं, ही सोय चांगली. पण ते तेलाची पातळी बघतं, तेलाचं वय नाही. शिवाय उतारावर ठेवलं तर तेल पुरेसं असूनही बंद पडतं, मग लोक उगाच प्लग काढत बसतात.

एअर फिल्टर स्पंजचा आहे. ५० तासांनी साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, नव्या इंजिन ऑइलमध्ये बुडवून घट्ट दाबून जास्तीचं तेल काढा. दाबताना पीळ देऊ नका, स्पंज फाटतो. तेल न लावता बसवलेला फिल्टर लाल मातीची बारीक धूळ सरळ आत सोडतो.

महिन्याची चाचणी रिकाम्या इंजिनावर करू नका. त्याने फक्त इंजिन चालू होतं एवढंच कळतं, आणि प्लगवर काजळी बसते. असं करा: तेल बघा, इको बंद ठेवून चालू करा, चोक हळूहळू आत घ्या, तीन मिनिटं तापू द्या. मग १००० वॉटची इस्त्री लावा, दहा मिनिटांनी तिच्यासोबत १५०० वॉटचा पाणी तापवायचा रॉड (बादली भरलेली असू दे). मल्टिमीटरवर व्होल्टेज २३० च्या आसपास स्थिर राहायला हवं. शेवटी लोड काढा, इको चालू करा आणि एकदम इस्त्री लावा: इंजिनाने क्षणभर दचकून वेग धरायला हवा, बंद पडू नये. वीस-पंचवीस मिनिटं पुरेत. महिन्याआड दोरीनेही एकदा सुरू करून बघा, कारण सेल्फ-स्टार्टची बॅटरी पडून राहून उतरते, आणि गरज पडते त्याच दिवशी ते कळतं.

एक जागा फार दुर्लक्षित राहते: घराची वायरिंग. दोन्ही टोकांना पिनवाली वायर करून सॉकेटमधून घरात वीज सोडणं म्हणजे खांबावर चढलेल्या महावितरणच्या माणसाच्या जिवाशी खेळ. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून ३२ अँपियरचा दोन पोलचा चेंजओव्हर (महावितरण किंवा जनरेटर, एका वेळी एकाचीच वीज घरात घेणारा स्विच) बसवून घ्या, न्यूट्रलही तुटायला हवा. दुसरी अडचण कमी लोकांना ठाऊक असते. या यंत्राचा न्यूट्रल अर्थिंगला जोडलेला नसतो. त्यामुळे घरच्या आरसीसीबीचं (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबलं तर ते ट्रिप होतं, पण प्रत्यक्ष गळती झाली तर होईलच असं नाही. टेस्ट बटणाला अर्थिंग लागत नाही, खऱ्या गळतीला परतीचा मार्ग लागतो. ही जोडणी कुठे आणि कशी करायची हे इलेक्ट्रिशियनने चेंजओव्हरच्या जनरेटरकडच्या बाजूला ठरवायचं. आपण वायरी जोडायला जाऊ नये.

आणि पडवीत, जिन्याखाली, खिडकीजवळ कधीच लावू नका. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. मोकळ्या जागी, घरापासून दूर, सायलेन्सरचं तोंड घराच्या विरुद्ध दिशेला. पाऊस असेल तर वर पत्रा हवा, चारी बाजू मोकळ्या.

जुना घ्यायचा विचार असेल तर आधी हात लावून इंजिन थंड असल्याची खात्री करून घ्या, मगच सुरू करायला सांगा. विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवला असेल तर दुसऱ्या दिवशी या. सायलेन्सरच्या तोंडात आणि हवा घेणाऱ्या जाळीत टॉर्च मारा. महिनोन्महिने पडून असलेल्या यंत्रात कुंभारीण माशी मातीचं घर करते. मग कॉक बंद असताना ड्रेन स्क्रू सोडा. स्वच्छ पेट्रोल आलं तर भावाची बोलणी करा, हिरवट पाणी आलं तर कार्बोरेटरची किंमत आधी वजा करा.