वायुजहाजांची मोहीम: नकाशावर चालवावी की सामन्यांच्या साखळीने?

कराचीला निघालेलं आर-101 हे ब्रिटिश वायुजहाज, म्हणजे हलक्या गॅसवर तरंगणारं अवाढव्य जहाज, 5 ऑक्टोबर 1930 रोजी फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळलं. 48 माणसं गेली आणि ब्रिटनने वायुजहाजांचा नादच सोडला. टेबलावर छोटी जहाजं मांडून खेळायच्या आपल्या युद्धखेळाचा फाटा इथे फुटतो. ते कराचीला सुखरूप पोचलं असं धरा. 1931 उजाडलं की अरबी समुद्रावर ब्रिटिश, इटालियन, फ्रेंच आणि पोर्तुगीज समोरासमोर येतात. एडन, मसावा, जिबुती, मुरगाव हे अनुक्रमे त्यांचे तळ इतिहासानेच आखून ठेवलेत.

अशी मोहीम दोन रीतींनी खेळता येते. साखळीत दर महिन्याला टेबलावर एक लढाई होते आणि जिंकणाऱ्याला पुढच्या वेळी एखादं जहाज जादा मिळतं. नकाशा-मोहिमेत प्रत्येकजण आपले हुकूम गुपचूप पंचाकडे देतो, पंच ते नकाशावर चालवतो आणि दोन ताफ्यांची खरोखर गाठ पडली तरच टेबल मांडायचं. पंच ठेवायची ही रीत जुनी आहे. 1824 पासून प्रशियाचे अधिकारी अशाच खेळावर शिकत.

साखळी मुंबईला सोयीची, हे मान्यच. एक भिडू विरारचा, एक पनवेलचा, त्यात रविवारचा मेगाब्लॉक. कोणी आला नाही तर त्याची जहाजं दुसरा चालवतो, हिशेब वहीच्या एका पानात मावतो. शिवाय टेबलावरची मजा पहिल्याच दिवशी हाती लागते. आम्ही कागदाच्या लगद्याची जहाजं छत्रीच्या काड्यांवर बसवतो आणि काडीत प्लास्टिकच्या बांगड्या ओवतो. एक बांगडी म्हणजे 300 मीटर उंची. जहाज चढलं की बांगडी वाढते, गॅस सुटला की निघते. मे महिन्यातही पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर कागदी विमानं उडून थेट गॅलरीत.

पण वायुजहाजाची खरी लढाई अंतराशी आणि वाऱ्याशी असते, आणि साखळीत ती दिसतच नाही. मुंबई ते एडन साधारण 3000 किलोमीटर. ताशी 100 च्या वेगाने 30 तास. जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा ताशी 40 ने समोरून आला की तेच 50 तास होतात आणि इंधन वाटेतच संपायला येतं. उलट एडनहून निघालेल्याला तोच वारा ढकलत आणतो. हीलियम तेव्हा जवळजवळ सगळा अमेरिकेच्या हातात, म्हणून पोटात हायड्रोजन भरायचा. एक घनमीटर हायड्रोजन जेमतेम 1.1 किलो उचलतो, आपल्याकडच्या गरम हवेत त्याहून कमी. दुपारी निघायचं की पहाटे, बॉम्ब न्यायचे की इंधन, हे ठरवताना भिडू अर्धा अर्धा तास वाद घालतात. तो वाद मला कुठल्याही लढाईहून प्रिय आहे.

दुसरं कारण माझ्या जास्त जिव्हाळ्याचं. साखळीत चार साम्राज्यं लढतात आणि मुंबई म्हणजे नुसता एक मनोरा, जहाज दोराने बांधून ठेवायचा. नकाशावर मुंबई हाच पाचवा भिडू करता येतो. 1928 मध्ये इथल्या गिरण्या सहा महिने बंद होत्या. 1930 मध्ये वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रह झाला. हे शहर गोदीतला माल अडवू शकतं, रेल्वे थांबवू शकतं, गॅसच्या टाक्या रिकाम्या ठेवू शकतं. आमच्याकडे दोन ब्रिटिश जहाजं मनोऱ्यालाच अडकून राहिली, कारण गोदीने संप पुकारला होता. त्या दिवशी एकही फासा पडला नाही, तरी खेळायला आलेल्यांपैकी कोणीही घड्याळाकडे पाहिलं नाही.

नकाशाचा धोका एकच, पंच थकतो. आमची पहिली मोहीम चौथ्या महिन्यात थांबली. पंच मी होतो, घरात आजारपण आलं आणि पाचही जणांच्या हुकुमांची पाकिटं कपाटात तशीच पडली. म्हणून आता पंच दोन ठेवतो. हुकूम गुरुवारी रात्री दहापर्यंत व्हॉट्सॲपवर यायचे, न आल्यास जहाज आहे त्याच दिशेने जात राहणार. फेऱ्या बाराच. एक फेरी म्हणजे खेळातले सहा तास.

दोन पंच मिळत नसतील किंवा भिडू अगदी नवे असतील तर साखळीच घ्या, तीन लढायांपुरती. मिळत असतील तर नकाशाच मांडा, आणि तुमच्यातला सगळ्यात चिवट भिडू मुंबईला द्या.